खुर्चीवाले का थांबले?

१

"कुणावर बोट ठेवायच्या आधी त्याच्या जागेवर जाऊन बस. मग बोल."

हे आईचं सांगणं. शेजारणीशी बिनसलं की म्हणायची, आम्हा भावंडांत जुंपली की म्हणायची. मी ते नोकरीत वापरलं. माझं काम म्हणजे झालेले प्रयोग पुन्हा नीट होतायत की नाही ते बघणं. माणसं कशी वागतात याबद्दल कुणी मोठा शोध लावला, की दुसऱ्या कुणीतरी तो जसाच्या तसा परत करून पाहायचा. तेच निघालं तर शोध खरा, नाहीतर निदान आपण शहाणे झालो. तेच ते रोज करायचं, कंटाळा आला तरी मन लावून करायचं, याची सवय मला घरच्या नेमधर्मानेच लागलेली. त्यामुळे काम मानवलं. लोक मला 'पुन्हाबाई' म्हणतात, आणि मला त्याचा राग येत नाही.

त्या सकाळी देवापुढून उठते न उठते तोच संशोधन केंद्राच्या संचालकांचा फोन.

"पुन्हाबाई, असाल तशा या. बाकाचा प्रयोग नासवलाय कुणीतरी."

"नासवलाय की फसलाय?"

"नासवलाय. आणि कुणी नासवला तेही मला कळलंय."

"मग मी कशाला हवी?"

त्यांनी आवाज खाली आणला. "कारण ती मॅडमची भाची आहे."

बाकाचा प्रयोग आमच्या क्षेत्रात पोरासोरांनाही माहीत आहे. वीस वर्षांपूर्वी मॅडमनी केला. दोन अनोळखी माणसं बोलवायची. काही जोड्यांनी बाहेरच्या पॅसेजमधून एक जड बाक दोघांनी मिळून खोलीत आणायचा आणि त्यावर बसायचं. बाकीच्या जोड्यांनी आपापली खुर्ची आपापली आणायची. मग दोघांना चित्राचे तुकडे जोडायला द्यायचे. एकाचं चित्र गुपचूप अवघड ठेवायचं. ज्याचं आधी होईल त्याने घरी जावं, कुणी अडवत नाही. खुर्चीवाले उठून जात. बाकवाले मात्र थांबत आणि दुसऱ्याला मदत करत. एकदा मिळून ओझं उचललं की परका परका राहत नाही, असा त्याचा अर्थ. त्यावर शाळांच्या, दवाखान्यांच्या कामाच्या पद्धती बदलल्या.

आता तोच प्रयोग इथे पुन्हा चालला होता. अर्ध्यापर्यंत सगळं मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे झालं. मग मधे काही दिवस बंद होता, आणि पुन्हा सुरू झाला तसे खुर्चीवालेही थांबायला लागले. दोन गटांत फरकच उरला नाही.

"फरक नाही म्हणजे शोध पडला," संचालक पडद्यावरचा आलेख दाखवत म्हणाले. "आणि कधीपासून पडला? ही भाची, चिमणी, रजेवरून परत आली त्या दिवसापासून. कोण कुठल्या गटात ते तिलाच ठाऊक असतं. मावशीवर राग होता. काढला."

"तिला विचारलंत?"

"चोर कधी हो म्हणतो का? संध्याकाळी समिती बसतेय. तक्रार पुढे गेली, की कुठलीच प्रयोगशाळा तिला दारात उभी करणार नाही. तुम्ही फक्त शिक्कामोर्तब करा."

पुरावा हातात नसताना कुणाचं नाव दोषाला जोडायचं नाही, हा माझा जुना नेम. मी पदर खोचला आणि म्हटलं, "आधी तिला भेटते."

२

चिमणी रडत नव्हती. फणफणली होती. अंगाने चिमणीएवढी, पण आवाज असा की भिंतीवरचं घड्याळ हलावं.

"या. तुम्हीही म्हणा, भाचीने मावशीचा गळा कापला."

"मी काही म्हणत नाहीये गं. राग होता का तुला?"

"होता! आहे! आई दवाखान्यात होती, मी रजा काढून उशापायथ्याशी बसले. सख्खी बहीण असून मावशी फिरकली नाही. फोन नाही की निरोप नाही. पण काकू, मला राग आला तर मी भांडी आपटीन. आकडे नाही आपटणार."

हे मला पटलं. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे.

"खोलीत काय करतेस ते सांग."

"खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाही. नियम आहे. माझा चेहरा बघून माणसांना अंदाज यायला नको. मी शेजारच्या खोलीत बसते, स्पीकरवरून सूचना वाचते. कॅमेरा फक्त टेबल दाखवतो. सगळं ठरलेलं आहे, कुठल्या वाक्यानंतर किती थांबायचं तेसुद्धा."

"आणि रजेवरून आल्यावर काय बदललं?"

"काहीच नाही. तेच टेबल, तोच दिवा, तीच वाक्यं."

मी सगळी चित्रणं मागून घेतली आणि तिच्याच शेजारी बसून पाहिली. सुट्टीनंतरची खुर्चीवाली माणसं. एक गृहस्थ आपलं चित्र पुरं करून उठले, पिशवी घेतली, मग मागे वळून समोरच्या बाईंना म्हणाले, "तो निळा तुकडा उलटा धरलाय तुम्ही." आणि बसले. एक तरुणी तर घाईत असूनही बसली. खोटं काहीच वाटेना.

संचालकांकडे गेले आणि म्हटलं, "साहेब, तिने गटांची अदलाबदल केली असं तुमचं म्हणणं ना? मग बाकवाल्यांचा आकडा खाली यायला हवा. एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात ओतलं तर पहिलं रिकामं होतं. इथे बाकवाले होते तिथेच आहेत, फक्त खुर्चीवाले वर चढलेत. दोन्ही भांडी भरलेली."

संचालकांनी आलेखाकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत पाहिलं.

"म्हणजे तिने नवे आकडे बनवले?"

"चित्रणात माणसं खरोखर थांबलेली दिसतात. आकडे बनवता येतात. निळा तुकडा दाखवणारे गृहस्थ कसे बनवणार?"

"अहो, मग खोटं कोण बोलतंय?"

"तेच तर," मी म्हटलं. "कुणीच खोटं बोलत नसेल तर?"

३

नदीपलीकडच्या विद्यापीठातले एक प्राध्यापक या पडताळणीवर नजर ठेवायला नेमलेले होते. त्यांना सगळे 'शंकासुर' म्हणतात. समोरासमोरसुद्धा. मॅडमचा शोध खोटा आहे असं ते वीस वर्षं म्हणत आलेले. आणि प्रयोग बंद होता त्या दिवसांत खोलीची किल्ली त्यांच्याकडे होती.

"या पुन्हाबाई. बेड्या आणल्यात?"

"माझ्या पिशवीत फक्त जपमाळ आहे. किल्ली कशाला घेतली होतीत?"

"बाकाचं वजन करायला. मॅडमच्या मूळ बाकाइतका जड आहे का बघायचं होतं. आहे. त्याने माझी कंबर धरली, हाच काय तो पुरावा." मग हसू मावळलं. "खरं सांगू? मला हा प्रयोग पडायला हवा होता. पण असा नको हो. असा पडला तर लोक म्हणणार, शंकासुराने पाडला. मला तो स्वतःच्या पायाने पडलेला बघायचाय."

हे गृहस्थ आडमुठे होते, लबाड नव्हते. तरी मी त्यांना यादीतून काढलं नाही.

तिसरे आकडेबुवा. हिशेब यांचा. मी दार ढकललं तशी त्यांनी दोन्ही कान झाकले.

"गट सांगू नका! कोण बाकवाले, कोण खुर्चीवाले, काही बोलू नका. मला ठाऊक असता कामा नये. नाहीतर मन आपोआप झुकतं."

"नाही सांगत. हात काढा."

त्यांनी एक कान उघडला. "मी फक्त टेबलावरचं बोलणं ऐकतो आणि मोजतो. चिमणीशी तर मी कामाचं अक्षर बोलत नाही. समोरून आली तर हवापाण्यावर बोलतो आणि सटकतो."

"ऐकू नीट येतं का सगळं?"

"आता स्वच्छ! आधी फार त्रास. पॅसेजमधल्या लोकांचं खिदळणं, चहाच्या ट्रॉलीची खडखड. आता अगदी देवळासारखं शांत. तुमच्या देवाची कृपा म्हणा."

मी हसले आणि निघाले. पायऱ्या उतरताना ते 'आता' मनात कुठेतरी टोचलं, पण हाताला लागेना.

मॅडम त्यांच्या खोलीत एकट्याच बसल्या होत्या. सत्तरीला टेकलेल्या, पाठ ताठ.

"बहिणीला भेटायला का गेला नाहीत?" मी हळूच विचारलं.

"तिच्या उशाशी भाची होती म्हणून. पडताळणी संपेपर्यंत त्यातल्या कुणाशी संबंध ठेवायचा नाही, असं मी कबूल केलं होतं. मी गेले असते, तर उद्या लोक म्हणाले असते की मावशीने भाचीला पढवलं."

"फोन तरी?"

"फोन तिनेच उचलला असता." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "शोध पडला तर पडू दे. पोरीला वाचवा. आणि तिने खरंच केलं असेल, तर आधी मला येऊन सांगा. समितीला नंतर."

सगळे आपापल्या नियमाला धरून होते. जो तो डोळे मिटून, कान झाकून, तोंड बंद करून बसलेला. आणि त्या सगळ्या सचोटीच्या मधोमध काहीतरी घडलं होतं, जे कुणीच पाहिलं नव्हतं.

आता माझ्याकडे एकच उपाय होता.

४

"मी? खुर्ची उचलू?" शंकासुर म्हणाले.

"तुम्ही आणि मी. खुर्चीवाली जोडी. चिमणी नेहमीसारखी सूचना वाचेल. ती माणसं जिथे बसली तिथे जाऊन बसायचं."

"बाई, मला ठाऊक आहे प्रयोग काय आहे ते. मी थांबणार नाही, मदत करणार नाही. चित्र झालं की सरळ जेवायला जाईन."

"जा की. तुमच्यासाठी मी उपास सोडणार नाहीये."

पॅसेजमध्ये भिंतीशी खुर्च्या होत्या. स्पीकरवर चिमणीचा आवाज आला, सपाट, ओळख न दाखवणारा. "कृपया आपापली खुर्ची आत न्या."

खुर्ची चांगली लाकडी. दोन्ही हातांनी उचलावी लागली. मी पुढे, शंकासुर मागे. दाराशी आले. दार बंद. हात रिकामे नाहीत. खांद्याने ढकललं, ते जरासं उघडलं आणि स्प्रिंगच्या जोराने परत माझ्याच अंगावर आलं. खुर्चीचा पाय चौकटीत अडकला.

"अहो, थांबा, थांबा," मागून आवाज. शंकासुरांनी आपली खुर्ची खाली ठेवली, माझ्या डोक्यावरून हात नेला आणि दार रेटून धरलं. "व्हा पुढे. पायाकडे बघा."

मी आत गेले, खुर्ची टेकवली. मागे वळले तर आता त्यांच्या दोन्ही हातांत खुर्ची आणि दार मिटत आलेलं. मी धावत जाऊन पाठीने दार धरलं. ते आत आले.

"आभारी आहे," ते म्हणाले.

वीस वर्षं ज्यांना कुणाचे आभार मानताना पाहिलं नव्हतं, ते गृहस्थ. आम्ही दोघं तशाच अवस्थेत एकमेकांकडे बघत उभे राहिलो. मी दाराला पाठ लावून, ते खुर्ची कवटाळून.

"पुन्हाबाई," ते सावकाश म्हणाले, "हे दार पूर्वी असं नव्हतं. मी बाक तोलायला आलो तेव्हा उघडं राहत होतं. खाली लाकडाची पाचर होती."

'आता स्वच्छ.' माझ्या मनातलं ते टोचणारं एकदम हाताला लागलं.

५

समितीच्या खोलीत संचालक, मॅडम, शंकासुर, आकडेबुवा, आणि कोपऱ्यात हाताची घडी घालून चिमणी. समितीची दोघं परगावची.

"चोर सांगा," संचालक म्हणाले.

"चोर नाही. चोरी मात्र झाली. आकडेबुवा, कान झाकू नका, आता ऐकायलाच हवं. पॅसेजचा आवाज कसा बंद झाला?"

"दार लावल्यामुळे. सुट्टीत जुनी चित्रणं ऐकत होतो, वैताग आला. खाली जाऊन बघितलं तर दाराखाली एक लाकडाचं ढेपळं. काढून टाकलं. काम सुधारावं म्हणून हो!"

"चिमणीला सांगितलंत?"

"तिच्याशी कामाचं बोलायची मला बंदी आहे!" एवढं म्हणाले आणि त्यांचा चेहरा पडला. "का हो? काय केलं मी?"

मी सगळं उलगडून सांगितलं. दार उघडं होतं तोवर खुर्चीवाले एकामागून एक आत येत, एकमेकांकडे न बघता. दार मिटायला लागलं तशी एकाची खुर्ची आत जायला दुसऱ्याचा हात लागायला लागला. आपण त्यांना एकटं ठेवलंय असं आपल्याला वाटत होतं. दाराने त्यांची जोडी लावून दिली होती. बाकवाल्यांना फरक पडला नाही, कारण ते आधीच जोडीने होते. बदल चिमणीच्या रजेनंतर दिसला, कारण तिची रजा म्हणूनच काम बंद होतं, आणि काम बंद म्हणूनच बुवांना खाली जाता आलं.

"कार्यपद्धतीत दिव्याचा उजेड लिहिलाय, वाक्यांमधली शांतता लिहिलीय. दाराचा शब्द नाही. कॅमेऱ्याला दार दिसत नाही, चिमणीला तिकडे जायची परवानगी नाही. मॅडमचा शोध पडला नाही साहेब. तो पसरला."

"आणि गंमत बघा," शंकासुर म्हणाले, "कुठे काही बिघडलं की लोक म्हणतात, शंकासुराने पाचर मारली. इथे तर काढल्याने घोटाळा!"

सगळे हसले. चिमणीसुद्धा. पण शंकासुर उभे राहिले आणि हसू थांबलं.

"कथा छान आहे. मी स्वतः त्या कथेत खुर्ची घेऊन उभा होतो. पण घडून गेल्यावर कारण सांगायला काय लागतं? वीस वर्षं मी हेच ओरडतोय. ज्याचा प्रयोग पडतो तो म्हणतो, हवा वेगळी होती, दार वेगळं होतं. आधी बोला. मग करा. तेही तुमच्या नव्हे, माझ्या घरी."

चिमणीचा चेहरा परत उतरला. तिची सुटका त्या दाराच्या कथेवर टांगलेली होती, आणि कथा अजून कथाच होती.

"त्यांचं बरोबर आहे," मी म्हटलं. खरंच बरोबर होतं.

मॅडम उठल्या. "मी आधी बोलते, सगळ्यांसमोर. दार उघडं ठेवा, खुर्चीवाले निघून जातील. दार मिटू द्या, ते थांबतील. इथे करा, यांच्या विद्यापीठात यांच्याच विद्यार्थ्यांकडून करून घ्या, आणि समितीच्या गावीही करा. तिन्हीकडे असं झालं नाही, तर माझा शोध मी स्वतः मागे घेईन."

"आणि झालं तर?" शंकासुरांनी विचारलं.

"झालं तर माझा दुसरा प्रयोग तपासायला तुमच्या हवाली. अनोळखी हाकेचा."

आकडेबुवांच्या तोंडून चक् असा आवाज निघाला. बाकाच्याही आधी त्याच प्रयोगाने मॅडमना नाव मिळवून दिलं होतं. त्याच्या मूळ ध्वनिफिती दोरी बांधलेल्या एका खोक्यात होत्या, आणि त्यांनी त्या आजवर कुणाला ऐकवल्या नव्हत्या.

"जिंकल्यावर देणार?" शंकासुर म्हणाले. "उलटं नाही का हे?"

"हरल्यावर कुणीही देतो. त्याच्याबद्दल मला स्वतःलाच खात्री नाही. बघा तुम्ही."

तक्रार तोवर थांबवायची, एवढं समितीने मान्य केलं. चिमणीला कामापासून लांब राहायला सांगितलं. जाता जाता ती मावशीजवळून गेली, पण थांबली नाही.

६

निकालाच्या दिवशी मोठं सभागृह भरून गेलं. मधल्या काळात बातमी फुटलेली. दुसऱ्या केंद्रांतली माणसंही आली होती, आपापल्या प्रयोगशाळांतली दारं आठवत. चिमणी शेवटच्या रांगेत, उठून जायला सोपं पडावं अशी. मी तिच्या शेजारी बसले आणि मनातल्या मनात नाम घेत राहिले.

आकडेबुवांनी पडद्यासमोर घसा खाकरला. "मला अजून ठाऊक नाही कुठला गट कोणता. गटांची नावं आत्ता, तुमच्यासमोरच उघडतील."

आधी आमच्या केंद्राच्या आलेखाचे खांब उभे राहिले, जितके लोक थांबले तितके उंच. मग नावं आली. उघड्या दाराचे खुर्चीवाले, बुटका खांब. मिटणाऱ्या दाराचे, उंच.

कुणी हललं नाही. आपल्या घरी काय, घरचंच माप.

समितीच्या गावचे खांब. बुटका. उंच.

सभागृहात एक कुजबुज धावत गेली. चिमणीने माझं मनगट धरलं.

"आता नदीपलीकडचे," आकडेबुवा म्हणाले. शंकासुरांचं घर. त्यांचे विद्यार्थी, त्यांच्या खुर्च्या, तिथलंच दार. खांब चढले आणि क्षणभर बिननावाचे उभे राहिले. मग नावं आली.

बुटका. उंच. तिन्ही ठिकाणांतला सगळ्यांत उंच.

पहिली टाळी शंकासुरांची होती. ते उभे राहिले, आणि आडदांड माणसाच्या आडदांड टाळ्या वाजवायला लागले. मागोमाग अख्खं सभागृह उठलं. कुणीतरी खुर्ची डोक्यावर उचलून धरली. आकडेबुवा पडद्याकडे तोंड करून डोळे पुसत होते.

"हरलो!" शंकासुर ओरडले. "माझ्याच घरी, माझ्याच पोरांनी हरवलं! इतकं झकास मी आयुष्यात हरलो नव्हतो!"

संचालक चिमणीपर्यंत चालत आले, सगळ्यांदेखत. "माझी चूक झाली. तक्रार फाडून टाकलीय. अजून दहा गावांना हा प्रयोग करायचाय. ते काम तू बघशील?"

"एका अटीवर," चिमणी म्हणाली. "प्रत्येक गावी, सुरू करण्याआधी, तिथल्या सगळ्यांत मोठ्या साहेबाने स्वतः खुर्ची उचलून आत न्यायची. इथे तुम्ही."

"माझी कंबर..."

"माझी धरली तेव्हा कुणी विचारलं नाही!" शंकासुर पलीकडून ओरडले, आणि हशा झाला.

मॅडम गर्दीतून वाट काढत आल्या. मावशी-भाची समोरासमोर. मग मॅडमनी हात पुढे केला आणि भाचीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"आता नियम संपला ना?" त्यांनी विचारलं.

"संपला. आईला लाव फोन. फार बोलेल, ऐकून घे."

"ऐकते. शिव्या दिल्या तरी ऐकते."

त्यांनी फोन लावला. पलीकडून शिव्याच आल्या असाव्यात, कारण त्या बराच वेळ "हो गं, हो गं बाई" एवढंच म्हणत राहिल्या, आणि चेहरा असा उजळला होता की पडद्यावरच्या खांबांकडे कुणी बघेना. माझ्या मनात आलं, खरं ते पुन्हा केल्याने झिजत नाही, उलट उजळतं. देवाचं नाव काय, माणसाचा शोध काय. आता ही दहा गावं होतील, मग इतरांचे प्रयोग, आणि प्रत्येकाशेजारी त्याचा एकेक शंकासुर बसलेला असेल, खुर्ची उचलायला तयार.

मग चहा आला, खायला आलं, गलका वाढला. शंकासुर हातात बशी घेऊन मॅडमना शोधत फिरत होते. "अहो, गेल्या कुठे? अभिनंदन तरी करू द्या माणसाला!" त्यांनी मला विचारलं, चिमणीला विचारलं. दोघींनाही माहीत नव्हतं.

मी कप ठेवायला खिडकीशी गेले. खाली रस्ता उन्हात होता. फुटपाथच्या कडेला मॅडम उभ्या होत्या, पाठ ताठ, छातीशी एक पुठ्ठ्याचं खोकं धरून. झाकणावर दोरी घट्ट बांधलेली. त्यांनी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं, रस्ता ओलांडला, आणि पुलाच्या दिशेने, नदीपलीकडच्या विद्यापीठाकडे चालायला लागल्या.